मोकळे मैदान की डोंगरवाट? अवघड ऑफ-रोड कौशल्यांच्या सरावाचा तुलनात्मक आढावा

कच्च्या रस्त्यांवर एक-दोन हंगाम मोटरसायकल चालवून झाली आणि फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहण्याची सवय लागली, की चालकाला त्यापुढची कौशल्ये खुणावू लागतात: सुट्या दगडांचा उभा चढ, आडवा पडलेला ओंडका, पावसाळ्यानंतर वाळून कडक झालेली खोल चाकोरी, दगडगोट्यांचा वाहता ओढा. ही कौशल्ये सरावानेच येतात, याबद्दल दुमत नाही. प्रश्न असतो तो सराव कुठे आणि कसा करायचा हा. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर एकेक कौशल्य सुटे करून घोटणे हा एक मार्ग. अनुभवी मित्रांसोबत थेट डोंगरवाटेला लागणे आणि वाट जे शिकवील ते शिकणे हा दुसरा. माझ्या मते हे दोन मार्ग एकमेकांना पर्याय नाहीत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी शिकवतात; मात्र त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा उलटा लावला जातो.

मैदानाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे पुनरावृत्ती. डोंगरवाटेवर एखादा अवघड टप्पा दिवसातून एकदाच येतो. तो जमला तर का जमला आणि चुकला तर कुठे चुकला, हे पाहण्याआधीच आपण पुढे गेलेलो असतो. मैदानात तोच अडथळा अर्ध्या तासात वीस वेळा ओलांडता येतो आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून पाहता येते. हाफ क्लचवर गाडी चालत्या माणसापेक्षा हळू नेणे, हँडल पूर्ण वळवून लहानात लहान वर्तुळ काढणे, वळताना गाडी आत झुकवून शरीर बाहेरच्या बाजूला ठेवणे, या सगळ्या गोष्टी हातापायांत मुरायला अशीच आवर्तने लागतात. परवान्याच्या चाचणीसाठी प्रत्येकाने कधी ना कधी आठचा आकडा काढलेला असतो. तोच आकडा उभे राहून, पाय न टेकवता, मुरमाच्या किंचित उतारावर काढायला घेतला, की आपला क्लचवरचा ताबा किती कच्चा आहे हे लगेच कळते. क्लच आणि पुढच्या ब्रेकवर एक किंवा दोनच बोटे ठेवण्याची सवयही इथेच लागते, कारण चढावर पोहोचल्यावर बोटांकडे लक्ष द्यायला सवड नसते.

ओंडक्याचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे. पुढचे चाक उचलण्यासाठी आधी वजन खाली दाबून पुढचा सस्पेन्शन आवळावा लागतो. तो परत उसळी घेत असताना रेस देऊन क्लच सोडावा लागतो आणि त्याच क्षणी कंबर मागे न्यावी लागते. चाक ओंडक्यावर टेकले, की वजन पुढे आणून मागच्या चाकावरचा भार हलका करायचा आणि रेस बंद करायची, नाहीतर मागचे चाक ओंडक्यावर घसरून गाडी आडवी होते. या सगळ्या हालचाली जेमतेम सेकंदाभरात घडतात. मैदानात त्यांचे तुकडे पाडता येतात: आधी ओंडक्याशिवाय केवळ चाक उचलणे, मग जमिनीवर ठेवलेल्या बारीक फांदीवर अचूक जागी चाक टेकवणे, मग घोट्याइतक्या जाडीचा ओंडका, आणि त्यानंतरच त्याहून मोठा. मागच्या ब्रेकवर पाय कायम तयार ठेवणे ही या सरावातली अट आहे, कारण चाक गरजेपेक्षा वर गेले तर मागचा ब्रेकच ते खाली आणतो. डोंगरवाटेवर जो ओंडका समोर येतो तो आपल्या तयारीच्या मापाचा नसतो, आणि तिथे पहिल्यांदाच प्रयत्न करणारा चालक बहुधा वेगाच्या भरवशावर जातो. कधी तो निभावून जातो, पण त्या निभावण्यातून हाती काही लागत नाही.

संथ सरावाचे मोल पटत नसेल तर मोटरसायकल ट्रायल्स या खेळाकडे पाहावे. तिथे वेगाला किंमतच नाही: ठरवून दिलेल्या अवघड पट्ट्यात एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर तीन, आणि टप्पा पूर्णच झाला नाही तर पाच. या संथ खेळात घडलेला ब्रिटिश चालक ग्रॅहम जार्व्हिस पुढे हार्ड एन्ड्युरोत, म्हणजे अतिशय अवघड वाटांवरच्या मोटरसायकल शर्यतींत, उतरला आणि ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गसारख्या जगातल्या अत्यंत खडतर मानल्या जाणाऱ्या शर्यतीत वारंवार विजेता ठरला. 2015 मध्ये तिथला एक चढ इतका अवघड निघाला की आघाडीच्या चार चालकांनी एकमेकांच्या गाड्या ओढून वर नेल्या आणि चौघांनाही संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. जार्व्हिस त्या चौघांपैकी एक होता.

असे असले तरी मैदानाच्या मर्यादा खऱ्या आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. मैदानात अडथळा आपणच मांडलेला असतो, त्यामुळे त्याचे आश्चर्य वाटत नाही. जमीन वाचणे, म्हणजे वीस-पंचवीस मीटर पुढे पाहून कोणत्या रेषेने जायचे हे ठरवणे, तिथे शिकता येत नाही. देशावरची काळी माती पावसात चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरून चाकच जखडून टाकते; कोकणातला ओला जांभा शेवाळामुळे काचेसारखा निसरडा होतो; ऑक्टोबरनंतर घाटमाथ्यावरच्या टणक जमिनीवर बारीक खडी सुटी पडते आणि पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला तरी चाक निसटते. या जमिनींचा अंदाज पायाखाली आल्याशिवाय येत नाही. चाकोरीचेही तसेच आहे. नजर पुढच्या चाकाजवळ न ठेवता लांब ठेवायची, हँडलशी झटापट करायची नाही, रेस हलकी पण अखंड ठेवायची आणि पाय पेगवरून काढायचे नाहीत, हे नियम सांगायला सोपे आहेत; पण ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत गाडी डोलू लागली, की पाय आपोआप बाहेर येतात आणि चाकोरीच्या भिंतीत अडकून मुरगळतात. ही प्रतिक्रिया मोडायला खरी चाकोरीच लागते. ओढ्याच्या बाबतीत तर पहिला धडा गाडीवरून उतरण्याचा आहे: आधी पायी चालून तळ आणि पाण्याचा जोर पाहायचा, आणि पाणी एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पोहोचण्याची शक्यता असेल तर परत फिरायचे.

चढ मात्र दोन्हीकडे शिकावा लागतो, आणि त्यातला अधिक महत्त्वाचा भाग म्हणजे फसलेला चढ. चढाच्या तळाशी पुरेसा वेग, दुसरा गिअर, छाती हँडलवर आणि मध्येच गिअर न बदलणे एवढे बहुतेकांना माहीत असते. गाडी अर्ध्यावर बंद पडल्यावर काय करायचे, याचा सराव फार थोडे जण करतात. त्या वेळी केवळ पुढच्या ब्रेकवर विसंबले तर चाक जखडूनही गाडी मागे घसरत राहते. बंद इंजिन गिअरमध्येच ठेवले, तर सोडलेला क्लच मागच्या चाकाला ब्रेकसारखा धरून ठेवतो. तोच हळूहळू दाबत-सोडत गाडी थोडी मागे घेता येते, हँडल वळवून ती उताराला आडवी करता येते आणि मग तोंड खाली फिरवता येते. या सगळ्या वेळात चालकाने गाडीच्या चढाकडच्या बाजूलाच राहायचे असते, म्हणजे ती कलंडली तरी अंगावर येत नाही. खाणीच्या कडेला किंवा माळावर दहा-बारा मीटरचा बेताचा उतार शोधून, मुद्दाम मध्येच गाडी बंद करून, हा क्रम घोटता येतो. तो अंगवळणी पडण्याआधी मोठ्या चढाला भिडू नये, असे मी ठामपणे म्हणेन.

डोंगरवाटेची किंमत दमछाकीच्या रूपातही मोजावी लागते. समूह पुढे थांबलेला असतो, त्यामुळे चुकलेला टप्पा परत करायला संकोच वाटतो. दुपारपर्यंत हात भरून येतात, हँडल घट्ट धरले जाते आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यात कठीण उतरण येते. थकलेल्या शरीराने केलेला सराव वाईट सवयी पक्क्या करतो. मैदानात तासाभराने थांबता येते, घरी जाता येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येता येते. फक्त एकच हालचाल सलग गिरवत बसू नये. दोन-तीन हालचाली आलटूनपालटून केल्या तर त्या वेळी प्रगती मंद दिसते, पण शिकलेले अधिक टिकते, हे 1979 साली हाताच्या हालचालींवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसून आले होते.

गाडीनुसारही ही निवड बदलते. हिरो एक्सपल्स 200 फोर-व्ही सुमारे 158 किलोची आहे, तर रॉयल एनफिल्ड हिमालयन 450 सुमारे 196 किलोची. हा फरक रस्त्यावर जाणवत नाही. पण गाडी तासात सहा-सात वेळा पडत असेल आणि प्रत्येक वेळी एकट्याने उचलायची असेल, तर तोच निर्णायक ठरतो. हिमालयनची जास्त ताकद सुट्या चढावर कामाला येते, मात्र ओंडका आणि लहान वर्तुळे शिकताना ती अडचणच होते. म्हणून जड गाडी असलेल्याने आठवड्याचा सराव शक्य असल्यास मित्राच्या हलक्या गाडीवर करावा आणि स्वतःची गाडी शिकलेले तपासण्यासाठी ठेवावी. मातीत उतरण्याआधी हिमालयनच्या मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणा) बंद आहे याची खात्री करावी आणि दोन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवावी. ट्यूब असलेल्या टायरमध्ये ती फार उतरवली तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते, हेही लक्षात असू द्यावे. घोटा आणि नडगी झाकणारे ऑफ-रोड बूट आणि गुडघ्याचे संरक्षक दोन्ही ठिकाणी सारखेच आवश्यक आहेत. मैदानातला वेग कमी असतो, पण पायावर गाडी पडण्याचे प्रसंग तिथेच अधिक येतात.

पैसे देऊन प्रशिक्षण घ्यावे का, हा तिसरा पर्याय अनेकांच्या मनात असतो. डकार ही लांब पल्ल्याची खडतर रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष, ज्याने 2015 मध्ये एकूण 36वे स्थान मिळवले, त्याने कर्नाटकात कोलारजवळ बिग रॉक हे ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र उभारले आहे, आणि महाराष्ट्रातूनही लोक अशा केंद्रांकडे जातात. अशा दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कौशल्य अंगात मुरत नाही. पण आपली कोपरे खाली पडतात, नजर जवळ राहते, गुडघे टाकीपासून सुटतात, हे दुसऱ्याच्या जाणत्या डोळ्यांना जसे दिसते तसे आपल्याला कधीच दिसत नाही. माझ्या मते प्रशिक्षण सुरुवातीलाच न घेता मैदानात महिना-दोन महिने घाम गाळल्यावर घ्यावे, कारण तोपर्यंत विचारण्यासारखे नेमके प्रश्न तयार झालेले असतात.

जागेचा प्रश्नही या तुलनेचाच भाग आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. साताऱ्याजवळचे कास पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले ते तिथल्या पातळ मातीवर तग धरणाऱ्या वनस्पतींमुळे, आणि सह्याद्रीतले इतर अनेक सडे, म्हणजे खडकाळ पठारे, तितकेच नाजूक आहेत. वेळासच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात, म्हणून वाळूच्या सरावासाठी समुद्रकिनारा निवडू नये. मालकाची परवानगी घेतलेले पडीक शेत, बंद पडलेली मुरमाची खाण किंवा गावाने वापरायला दिलेला माळ यांवर कुणाचे नुकसान न करता वर्षभर सराव करता येतो. डोंगरवाटेसाठी मात्र गावांना जोडणाऱ्या वहिवाटीच्या कच्च्या वाटाच धराव्यात.

ज्यांना आठवड्यातून जेमतेम दोन-तीन तास मिळतात, त्यांनी ते सगळे मैदानात घालवावेत आणि महिन्यातून एक दिवस वाटेसाठी राखावा. ज्यांच्याजवळ वेळ भरपूर आहे पण हलकी गाडी नाही, त्यांनी अपवाद म्हणून आधीच प्रशिक्षण केंद्राच्या गाडीवर शिकून घ्यावे. उभे राहून दोन्ही बाजूंना आठचा आकडा पाय न टेकवता निघतो, घोट्याएवढा ओंडका सरळ रेषेत ओलांडता येतो आणि अर्ध्या चढावर बंद पडलेली गाडी एकट्याने खाली आणता येते, एवढे ज्यांना जमते त्यांना मैदान अजून थोडेच शिकवू शकेल. त्यांनी जूनच्या चिखलाची वाट पाहण्याऐवजी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या वाटांपासून सुरुवात करावी आणि सोबत निदान दोन गाड्या असल्याशिवाय निघू नये.