मजुरीवर की मटेरियलसकट? गावठाणात घर बांधायचा ठेका देताना

गेल्या महिन्यात मावसभावाने दोन कोटेशनं माझ्यापुढे ठेवली. एक नुसत्या मजुरीचं, दुसरं मटेरियलसकट. दोन्हींवर चौरस फुटाचा एकेक भाव आणि खाली सही, बस्स. "दादा, यातलं स्वस्त कुठलं?" एवढ्या कागदावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. मुंबईतल्या गावठाणात आमचं कौलारू घर उतरवून खाली-वर बांधलं, तेव्हा मीही इथेच अडकलो होतो.

भावाआधी क्षेत्रफळ विचारा. घरात वापरायला ५०० फूट मिळत असले, तरी कॉन्ट्रॅक्टर स्लॅब मोजतो. भिंतींची जाडी, जिना, बाल्कनी, छज्जे धरले की तेच ६०० होतात. एकजण छज्जा पूर्ण धरतो, दुसरा अर्धा. दोघांना एकच नकाशा द्या आणि मोजमापाची पद्धत लिहून घ्या, नाहीतर दोन भावांची तुलनाच होत नाही.

मग कर. एका स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाची निव्वळ मजुरी जीएसटीतून माफ आहे. मटेरियलसकट ठेका जीएसटी नोंदणी असलेल्या कॉन्ट्रॅक्टरला दिलात तर १८ टक्के लागतात. समजा भाव २,२०० आणि स्लॅब ६०० फूट, म्हणजे १३ लाख २० हजार. कर वेगळा असेल तर त्यावर आणखी २ लाख ३७ हजार ६०० रुपये. कोटेशनवर "कर धरून" की "कर वेगळा" हे दोन शब्द नसतील, तर कागद परत करा. मजुरीच्या ठेक्यात सगळा कर वाचतो असंही नाही, सिमेंट आणि सळईवरचे १८ टक्के तुम्ही दुकानात भरताच. सिमेंटवर २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी २८ टक्के होते, त्यामुळे त्याआधीचं कोटेशन कुणी पुढे करत असेल तर भाव नव्याने मागा.

मजुरीवर दिलं की हिशेब आपल्या हातात राहतो, पण दिवसभर साइटवर उभं राहणंही आपल्याकडेच येतं. आमच्याकडे वाळूचा पहिला टेम्पो आला तेव्हा मी ऑफिसात होतो. आईने पावतीवर सही केली, १ ब्रास. संध्याकाळी ढीग पाहून शंका आली. दुसऱ्या खेपेला टेप घेऊन मीच गल्लीच्या तोंडाशी थांबलो. हौदा १० फूट लांब, ५ फूट रुंद, पण वाळू भरलेली १.६ फूट. म्हणजे ८० घनफूट, आणि ब्रास १०० घनफुटांचा. दर खेपेला पाचवा हिस्सा कमी, पैसे मात्र पूर्ण. त्या दिवसापासून मापल्याशिवाय टेम्पो रिकामा करू दिला नाही.

सळईचंही असंच. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलो भरते. जाडीचा वर्ग करून १६२ ने भागा, मीटरमागे किलो मिळतात. चलानवरच्या वजनाशी नग ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. सिमेंटसाठी आईने स्वतःच एक पद्धत लावली. स्लॅबच्या दिवशी ती ओट्यावर बसून रिकाम्या गोण्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधत होती. ३०० फुटांच्या ५ इंची स्लॅबचं काँक्रीट साधारण साडेतीन घनमीटर, घनमीटरला ८ गोण्या, म्हणजे २८. बीमच्या वेगळ्या. तिचे गठ्ठे या हिशेबाशी जुळले तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

गावठाणात आणखी एक खर्च लपलेला असतो. डंपर गल्लीत येत नाही, मोठ्या रस्त्यावरून सगळं डोक्यावरून आणावं लागतं. मजुरीवाला सहसा म्हणतो, "गाडीपासून साइटपर्यंत तुमचं." ती हमाली, डेब्रिज उचलणं, पाण्याचे टँकर आणि तितके महिने दुसरीकडे राहण्याचं भाडं चौरस फुटाच्या भावात बसत नाही. शिवाय दर आठवड्याला कामगारांची खर्ची रोख हवी. घराचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळत असेल तर मधल्या दिवसांचे पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात.

मटेरियलसकट ठेक्यात ही धावपळ नसते. तिथे गडबड होते ती मालाच्या दर्जात. "चांगली टाइल" असं लिहिलेलं चालत नाही, फुटाला अमुक रुपयांपर्यंतची टाइल असं हवं. सिमेंटची कंपनी, सळईचा ग्रेड, वायरची जाडी, प्लास्टरचे हात, सगळं यादीत आणा. यादीत नाही ते नंतर एक्स्ट्रा आयटम होतं आणि तेव्हा घासाघीस करायला जागा उरत नाही.

सळई-सिमेंट आपलं, बाकी त्याचं, असा मधला मार्गही बरेच जण घेतात. मला तो आवडतो, कारण घराचा सांगाडा आपल्या नजरेखाली राहतो. फक्त तो निव्वळ मजुरीचा ठेका राहत नाही, त्यामुळे जीएसटीची माफी त्यात धरू नका.

भाऊ आणि वहिनी दोघंही सकाळी लोकल पकडतात. घरी मावशी एकटी, गुडघ्यांनी थकलेली. तिने टेम्पोवर चढून टेप लावावा असं मी म्हणूच शकत नाही. म्हणून त्याला मटेरियलसकटच द्यायला सांगितलं, पण कोटेशन परत पाठवून: यादी जोडा, कर धरून लिहा, हप्ते जोते, स्लॅब, प्लास्टर असे काम झाल्यावर, आणि शेवटचे ५ टक्के एक पावसाळा गळतीशिवाय गेल्यावर.