वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा, आम्ही बघितलं नाही

देवगडकडं आमची हापूसची बाग आहे. दलालाकडं माल घालून हातात काही उरत नव्हतं म्हणून थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पेट्या पाठवायचं ठरवलं, त्यासाठी वेबसाइट पाहिजे होती, ओळखीतून एक मुलगा मिळाला. डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, आणि डिझाइन धरून १८,००० म्हणाला, वर एसएसएलचे म्हणजे ते ॲड्रेसपुढचं कुलूप दिसतं ना त्याचे वेगळे ३,५००. "काका टेन्शन घेऊ नका, सगळं मी बघतो." बोलायला एवढा गोड की पक्कं बिलसुद्धा मागितलं नाही आम्ही.

पहिला सीझन मस्त गेला. त्या भरवशावर पुढच्या वर्षी ५०० बॉक्स छापून घेतले, झाकणावर मोठ्ठ्या अक्षरात साइटचं नाव.

एप्रिलचा दुसरा आठवडा, मी अढीतले आंबे परतत होतो आणि ठाण्याच्या एका ताईंचा फोन आला की दादा तुमची साइट उघडत नाहीये. मोबाइलवर बघतो तर बागेच्या फोटोच्या जागी डोमेन एक्स्पायर झाल्याचं इंग्रजी पान आणि खाली भलत्याच जाहिराती. पोटात गोळाच आला. साइट करणाऱ्या मुलाला फोन केला तर म्हणे रिन्यूअलचे २०,००० लागतील. डॉट कॉमचं रिन्यूअल वर्षाला हजार-दीड हजारात होतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. ऐन हंगाम, घासाघीस करून १०,००० जीपे केले आणि त्या दिवसापासून त्याने फोन उचलणं बंद केलं.

मग ज्या कंपनीकडून डोमेन घेतलेलं तिथे फोन लावला. पैसे मी भरायला तयार होतो, पण मालकी दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. अकाउंट त्याच्या नावाचं, ईमेल त्याचा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. ते म्हणाले ज्यांचं अकाउंट आहे त्यांच्याच ईमेलवरून रिक्वेस्ट यायला हवी. त्यांचंही चूक नाही म्हणा, उद्या कोणीही उठून दुसऱ्याचं डोमेन मागेल. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्याच पैशात आणि मग ३० दिवस जादा दंड भरून सोडवता येतं, पण तेही खातेदारालाच. जुलैत बघितलं तर ते नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतलेलं. तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाकलीय, पैसे अजून आलेले नाहीत.

नंतर भाच्याने सांगितलं ते ऐकून जास्त राग आला. ते कुलूप लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं, बरेच होस्टिंगवाले स्वतःच लावून देतात. आमची साइट वर्डप्रेसवर होती, ते सॉफ्टवेअरही फुकट. विक्री नसलेली, चार पानांची साधी साइट तर गिटहब पेजेस नावाच्या सेवेवर एक पैसा न देता चालते.

तर डिझाइन कोणाकडूनही करून घ्या, डोमेन मात्र स्वतःच्या अकाउंटवरून, स्वतःच्या ईमेल आणि मोबाइल नंबरवर, स्वतःच्या कार्डाने घ्या आणि ऑटो रिन्यू चालू ठेवा. कोणी आधीच घेऊन दिलं असेल तर आजच त्याच्याकडून ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडं हलवायचा पासवर्ड, मागा आणि आपल्या अकाउंटला ट्रान्सफर करा, नवीन घेतल्यापासून पहिले ६० दिवस ट्रान्सफर होत नाही एवढंच. आज देतो, उद्या देतो करायला लागला तर मागे लागा, मुदत संपेपर्यंत थांबू नका.

आमचं नवीन डोमेन आता बायकोच्या नावावर आहे. जुन्या बॉक्सवर नव्या नावाचे स्टिकर लावायचं काम चालू आहे, दीडशे-एक झालेत.