वापरलेला ट्रेनर घ्यावा की नवा?

घरात सायकल जागेवरच चालवता यावी म्हणून ती ज्यावर बसवतात तो ट्रेनर घ्यायचा ठरलं की लगेच मनात येतं, वापरलेला घेऊन पैसे वाचवावेत की नवा घेऊन निर्धास्त व्हावं? मी आजवर तीन ट्रेनर घेतले. पहिले दोन वापरलेले, तिसरा नवा. पहिल्याने वर्षानुवर्षं काम दिलं, दुसऱ्याने मनस्ताप दिला. ट्रेनर किती जुना आहे यापेक्षा त्याच्या आत काय काय आहे, यावर हा निर्णय घ्यावा असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

साधा ट्रेनर: वापरलेलाच घ्या

मागचं चाक रोलरवर टेकवून चालवायचा, वीज न लागणारा ट्रेनर हवा असेल तर नव्याच्या वाटेला जाऊ नका. लोखंडी सांगाडा, एक रोलर, आणि रोध (पेडल जड करणारा अडथळा) निर्माण करायला चुंबक किंवा तेलाने भरलेली डबी, एवढाच त्याचा संसार. कोपऱ्यात चार वर्षं पडून राहिला म्हणून त्याचं फारसं बिघडत नाही.

तरी काही गोष्टी बघून घ्या. तेलाचा ट्रेनर असेल तर डबीच्या कडेने बोट फिरवा. बोटाला चिकट ओल लागली तर तेल गळतंय, तो सोडून द्या. चुंबकाचा असेल तर हँडलला लावायची रोध बदलण्याची कळ शेवटच्या खुणेपर्यंत जाते का ते बघा. वायर गंजली की ती मधेच अडकते. मागच्या चाकाला लावायचा खास स्टीलचा स्किवर (चाकाच्या मधोमध आरपार जाणारी बारीक दांडी) सोबत आहे का, हे नक्की विचारा. घर बदलताना हरवते ती नेमकी हीच वस्तू, आणि सायकल धरून ठेवणारे ट्रेनरचे कप त्याच्याच टोकांवर बसतात.

या प्रकारात नवा घेऊन वॉरंटीखेरीज फारसं काही मिळत नाही. वाचलेल्या पैशांत ट्रेनरसाठीचा टायर आणि एक चांगला पंखा घ्या. पंख्याशिवाय अर्धा तास काढणंसुद्धा जड जातं.

स्मार्ट डायरेक्ट ड्राइव्ह: इथे खरी कसोटी

मागचं चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवतात, जो आपण लावलेला जोर वॅटमध्ये मोजतो आणि ॲपच्या सांगण्यावरून चढ-उतार तयार करतो, त्याची गोष्ट निराळी. त्यात जड फ्लायव्हील (पेडलसोबत फिरणारं चाक) आहे, बेअरिंग आहेत, बहुतेक मॉडेलमध्ये बेल्ट आहे (टॅक्स निओसारख्या मोजक्या ट्रेनरमध्ये तो नसतो), आणि या सगळ्याच्या जोडीला सर्किट बोर्ड आहे. यातलं काय झिजलंय, हे नुसतं बघून कळत नाही.

माझी चूक इथेच झाली. विकणाऱ्याच्या घरी मी ट्रेनर हाताने फिरवून पाहिला. फ्लायव्हील लोण्यासारखं फिरत होतं, रंगाला ओरखडा नव्हता. घरी आणून सायकल चढवली. १०० वॅटपर्यंत सगळं शांत होतं, १८० वॅटच्या पुढे जोर लावला की दर फेऱ्याला आतून ‘खर्र’ असा आवाज. बेअरिंग गेलं होतं. हाताच्या फिरवण्यात भार नसतो, म्हणून ते बोललंच नाही. कव्हर उघडलं तर स्क्रूंच्या डोक्यांभोवती पांढरट खार जमलेला आणि त्याखाली गंज. कुणीतरी महिनोन् महिने त्यावर घाम गाळला होता आणि एकदाही फडका फिरवला नव्हता. त्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून कव्हरच्या फटीत पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं.

नव्या ट्रेनरमध्ये ही धास्ती नसते, कारण बेअरिंग पहिल्या वर्षात आवाज करू लागलं तर दाद मागायला जागा असते. वापरलेल्यात ती बहुधा नसते. पुष्कळ कंपन्या वॉरंटी मूळ ग्राहकापुरतीच ठेवतात. म्हणून बिल मागा, आणि वॉरंटी दुसऱ्याच्या नावावर जाते का हे त्या मॉडेलच्या अटींत स्वतः वाचा. विकणाऱ्याचं ‘हो, आहे ना वॉरंटी’ यावर भागवू नका.

अचूकतेचं म्हणाल तर वरच्या दर्जाचे डायरेक्ट ड्राइव्ह १ ते २ टक्क्यांच्या फरकाने वॅट दाखवतात, चाकावर टेकणारे स्मार्ट ट्रेनर साधारण ३ ते ५ टक्क्यांच्या. २०० वॅटला ५ टक्के म्हणजे १० वॅट. नियमित सराव करणाऱ्याला हा फरक जाणवतो, नुसता घाम काढायचा असेल तर अजिबात नाही. चांगल्या वर्गातला वापरलेला डायरेक्ट ड्राइव्ह नीट असेल तर तो याबाबतीत नव्या पण खालच्या वर्गातल्या ट्रेनरला सहज मागे टाकतो. वापरलेल्याच्या बाजूने सर्वात वजनदार मुद्दा मला हाच वाटतो.

नव्याच्या बाजूने तितकाच वजनदार मुद्दा जोडणीचा. ट्रेनरने ॲपचं ऐकावं यासाठी अँट प्लस एफई-सी किंवा ब्लूटूथची एफटीएमएस ही बिनतारी संदेशांची पद्धत लागते. अगदी सुरुवातीच्या काही मॉडेलांत कंपनीची स्वतःचीच भाषा होती. ती आजच्या ॲपला समजेलच असं नाही. झ्विफ्ट या घरातल्या सायकलिंगच्या ॲपने २०२३ मध्ये आणलेला, कॅसेटऐवजी (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाऐवजी) बसणारा एकच कॉग म्हणजे दातेरी चकती, आणि ॲपमधून गिअर बदलण्याची सोयही प्रत्येक जुन्या ट्रेनरवर चालत नाही. घरात वेगवेगळ्या गिअरच्या दोन सायकली असतील तर ही सोय फार मोलाची आहे.

हिशेब कागदावर मांडा

वापरलेल्याची सांगितलेली किंमत ही अर्धीच गोष्ट. कॅसेट सोबत आहे का, आणि ती तुमच्या सायकलच्या स्पीडची, म्हणजे मागे जितक्या चकत्या तितक्यांची, आहे का? ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर (कॅसेट ज्यावर बसते त्या भागावर) बसवायची तर १.८५ मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे पातळ कडी लागते. सायकलला स्किवरऐवजी थ्रू ॲक्सल (फ्रेममध्ये आरपार जाणारी जाड दांडी) असेल तर १४२ किंवा १४८ मिलिमीटरचे ॲडॉप्टर हवेत. १२ स्पीडच्या काही कॅसेटना फ्रीहबच वेगळा लागतो. विजेचा ॲडॉप्टर मूळचा आहे का? पिन बसते म्हणून दुसराच जोडला आणि व्होल्टेज जास्त निघालं तर बोर्ड जळतो, आणि जळलेला बोर्ड म्हणजे पंधरा-वीस किलोचं लोखंड.

हे सगळं धरून बेरीज नव्याच्या किमतीच्या दोन तृतीयांशांवर जात असेल तर मी नवाच घेतो. निम्म्याच्या आसपास थांबत असेल आणि ट्रेनर चाचणीत उतरला तर वापरलेला. मधल्या पट्ट्यात बिल आणि शिल्लक वॉरंटी निकाल लावतात.

पहिल्यांदाच ट्रेनर घेत असाल आणि आपण तो किती चालवू याची खात्री नसेल, तर साधा वापरलेला घ्या. नाही रुचला तर फारसा तोटा न होता पुढे विकता येतो. आठवड्यातून चार दिवस ठरलेला सराव असेल आणि दुरुस्तीत हात घालायची इच्छा नसेल, तर नवा डायरेक्ट ड्राइव्ह. हत्यारं हाताळता येत असतील तर वापरलेला डायरेक्ट ड्राइव्ह, पण चाचणीशिवाय नाही.

चाचणीसाठी आपली सायकल घेऊनच जा. १० मिनिटं हलकं चालवून ट्रेनर गरम होऊ द्या. मग ॲपमधून स्पिनडाउन करा, म्हणजे ठरावीक वेगापर्यंत नेऊन पाय थांबवायचे आणि फ्लायव्हील आपोआप मंदावू द्यायचं. ते पुन्हा पुन्हा फसत असेल तर बेल्ट किंवा सेन्सरवर संशय घ्या. त्यानंतर २०० वॅटच्या वर दोन मिनिटं जोर लावा आणि पंखा, गाणी, गप्पा सगळं बंद ठेवून कान द्या. सायकलवर पॉवर मीटर (वॅट मोजणारं उपकरण) असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पेडल किंवा क्रँकवरचा (पेडलच्या दांड्यावरचा) मीटर चार-पाच वॅट जास्त दाखवेल, ते साखळीत खर्ची पडतात. २० वॅटची तफावत मात्र चालायची नाही. शेवटी ॲपला ५०० मीटर लांबीचा चढ द्यायला सांगा आणि रोध लगेच वाढतो का ते पायांनी पाहा. एवढी वीस-पंचवीस मिनिटं विकणारा देत नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी मी तो ट्रेनर उचलत नाही.