व्हॅटिकन म्युझियम्स: सिस्टिनच्या आधी राफाएलच्या खोल्या

पोपच्या सत्तेने कलेचा वापर कसा केला हे एका तिकिटात बघायचे, तर याच्या तोडीचे ठिकाण नाही. अडचण एवढीच की इथली गर्दी सरळ सिस्टिन चॅपेलकडे वाहते आणि त्याआधीच्या, चित्रकार राफाएलने रंगवलेल्या चार खोल्या लोक चालता चालता ओलांडतात. खरे राजकारण त्या खोल्यांत आहे.

आधी व्यवहाराचे. २०२५ मध्ये तिकीट २० युरो होते, ऑनलाइन आरक्षणाचे ५ युरो वेगळे. ते ५ वाचवायला जाऊ नका, दारावरच्या रांगेत अर्धी सकाळ जाऊ शकते. महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो, पण त्या दिवशी खोल्यांत थांबून काही बघणे अवघड. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चित्रदालन, म्हणजे पिनाकोतेका, मुख्य वाटेपासून बाजूला आहे, ते सुरुवातीलाच उरकून घ्या.

नकाशांचे दालन १२० मीटर लांब, त्यात पोप तेराव्या ग्रेगरींनी काढून घेतलेले इटलीचे ४० नकाशे. ते संपल्यावर थेट सिस्टिनकडे नेणारी जवळची वाट दिसेल, ती घेऊ नका. राफाएलच्या खोल्यांची पाटी शोधा.

तिथे हेलिओडोरसच्या खोलीत निदान वीस मिनिटे द्या. जेरुसलेमच्या मंदिराचा खजिना लुटायला आलेल्या हेलिओडोरसला स्वर्गातला घोडेस्वार तुडवतो आहे. डावीकडे पालखीत बसून हे बघणारे दाढीवाले गृहस्थ म्हणजे दुसरे ज्युलियस. बायबलकाळच्या प्रसंगात सोळाव्या शतकातले पोप! १५११ मध्ये ते फ्रेंचांना इटलीतून हुसकावण्यासाठी युती बांधत होते, आणि चर्चच्या मालमत्तेला हात लावाल तर असे होईल, ही ताकीद भिंतीवर रंगत होती. शेजारच्या चित्रात इटलीवर चालून आलेल्या हूण राजा आत्तिलाला पोप अडवतात, ते पोप ज्युलियसच असणार होते. १५१३ मध्ये ते वारले आणि चेहरा नवे पोप दहावे लिओ यांचा आला. लिओ त्याच चित्रात आधीच कार्डिनल, म्हणजे पोपखालचे वरिष्ठ धर्माधिकारी, म्हणून उभे होते, त्यामुळे ते दोनदा दिसतात. दोन्ही चेहरे शोधा.

कॉन्स्टंटाइनच्या खोलीतल्या एका चित्रात हा रोमन सम्राट पोपला रोम दान देतो. ज्या दानपत्रावर हा दावा उभा होता ते बनावट असल्याचे लोरेन्झो वाल्ला या विद्वानाने १४४० मध्येच दाखवले होते. चित्र तरीही १५२० च्या दशकात काढले गेले.

बेल्वेदेरे अंगणाशी आपलाही धागा आहे. गोवा घेतल्यावर चार वर्षांनी, १५१४ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने दहाव्या लिओंना भारतातला हत्ती भेट पाठवला. त्याच वर्षी पोपने पोर्तुगालचे पूर्वेकडचे हक्क नव्याने मान्य केले. हत्ती दोन वर्षांत मेला, त्याला याच अंगणात पुरले.

सिस्टिनमध्ये फोटो काढू देत नाहीत. मायकेलअँजेलोने रंगवलेले छत वीस मीटरवर, म्हणून छोटी दुर्बीण न्या. पण आधी वेदीकडे तोंड करून बाजूच्या भिंती बघा. उजवीकडे वेदीपासून पाचवे चित्र पेरुजिनोचे: येशू पेत्राला, म्हणजे पहिला पोप मानल्या जाणाऱ्या शिष्याला, स्वर्गाच्या किल्ल्या देतो. बरोबर समोर बोत्तिचेल्लीचे: मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहला शिक्षा. त्या चित्रातल्या कमानीवरचा लॅटिन मजकूर सांगतो की देवाने बोलावल्याशिवाय कोणी हा मान स्वतःकडे घेऊ नये. पोपची निवड करणारे कार्डिनल याच दोन चित्रांच्या मध्ये मत देतात. मे २०२५ मध्ये चौदावे लिओ इथेच निवडले गेले. अशा निवडीच्या काळात चॅपेल पर्यटकांना बंद असते, म्हणून तारीख ठरवण्याआधी तेवढे तपासून घ्या.