बडी हॉलीचं म्युझिकल: गोष्ट पातळ, वाजवणं पक्कं

‘बडी: द बडी हॉली स्टोरी’ हे १९५०च्या दशकातला अमेरिकन रॉक अँड रोल गायक बडी हॉली याच्या आयुष्यावरचं म्युझिकल, म्हणजे गाण्यांचं नाटक. त्याचा कुठलाही प्रयोग जोखायचा तर आधी ड्रमकडे कान द्यावा. वादक इथे पडद्याआड लपलेले नसतात. बडी होणारा नट स्वतः गिटार वाजवत गातो, बडीच्या ‘क्रिकेट्स’ या बँडमधला जेरी ॲलिसन होणारा खरोखर ड्रम वाजवतो आणि त्याच बँडमधला जो मॉल्डिन होणाऱ्याच्या हाती उभा डबल बास असतो. नट बरा पण वादक कच्चा अशी निवड झाली, तर प्रयोग पहिल्या अर्ध्या तासातच बसतो. मग संवाद कितीही चोख म्हणा.

ऑक्टोबर १९८९मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये हे म्युझिकल लागलं आणि मधे थिएटर बदलून तिथल्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात २००२पर्यंत चाललं. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर मात्र नोव्हेंबर १९९०ला सुरू होऊन पुढच्या मे महिन्यात बंद झालं. जुन्या लोकप्रिय गाण्यांवर नाटक बांधायची लाट ‘मम्मा मिया’ने आणली असं सर्रास म्हटलं जातं, ते आलं १९९९मध्ये, याच्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी.

संहिता ॲलन जेन्सची, आणि तिचा एक गुण पहिल्यांदा सांगायला हवा. भावना अनावर झाली म्हणून इथे कोणी मधेच गाऊ लागत नाही. गाणं येतं ते टेक्सासमधल्या लबकच्या रेडिओ केंद्रावर, क्लोव्हिसच्या स्टुडिओत किंवा न्यू यॉर्कच्या अपोलो थिएटरात, म्हणजे जिथे गाणं हेच काम आहे तिथे. आपल्या संगीत नाटकात पद आलं की कथा थांबते आणि आपण खुशीने थांबतो. इथे गाण्याचा प्रसंग हीच कथा आहे.

सगळ्यात भरीव भाग क्लोव्हिसचा. न्यू मेक्सिकोतल्या या गावात बडीच्या गाण्यांचा निर्माता नॉर्मन पेटी याचा स्टुडिओ होता आणि फेब्रुवारी १९५७मध्ये तिथेच ‘दॅट्ल बी द डे’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. ‘एव्हरीडे’साठी ॲलिसनने ड्रम बाजूला ठेवून स्वतःच्या मांड्यांवर थापा मारल्या आणि पेटीची बायको व्हाय हिने सेलेस्टा, म्हणजे घंटीसारखा नाद देणारं पट्ट्यांचं वाद्य, वाजवली. रंगमंचावर हा प्रसंग गोड दिसतो, पण ध्वनियोजकाची खरी परीक्षा इथेच असते. मांडीची थाप मुळातच बोथट. माइक जवळ नसेल तर ती बाल्कनीत पोचत नाही, आणि आवाज वाढवला तर शेजारचा डबल बास त्याच माइकमधून घुमायला लागतो. चांगला ध्वनियोजक इथे बाकी सगळं खाली आणतो, थाप वर नेत नाही.

‘पेगी सू’ हे गाणं तर सापळाच आहे. मूळ मुद्रणात स्नेअर ड्रमच्या तळाशी खुळखुळणाऱ्या तारा सैल सोडून ॲलिसनने पॅराडिडल, म्हणजे दोन्ही हातांचे आलटूनपालटून ठराविक क्रमाचे ठोके, वाजवले, आणि पेटी त्यांच्यावर एको (प्रतिध्वनी) कधी चढवत, कधी काढत राहिला. ती गडगड आत-बाहेर होते ती त्यामुळे. प्रयोगात तारा चालू राहिल्या, तर तिथे साधा खडखडाट ऐकू येतो. गिटारची गोष्ट आणखी अवघड. बडी सगळे फटके वरून खाली मारायचा, त्या वेगात. मधल्या गिटारतुकड्यासाठी त्याच्या स्ट्रॅटोकॅस्टर या इलेक्ट्रिक गिटारचं बटण फिरवायला त्याला हात मोकळा नव्हता, म्हणून मुद्रणाच्या वेळी क्रिकेट्समधल्या दुसऱ्या गिटारवादकाने, निकी सलिव्हनने, शेजारी बसून ते फिरवलं. प्रयोगात हे काम पायातल्या पेडलने किंवा मिक्सरवरून आवाज चढवून भागतं. दोन्ही चालतं, नटाने फटका चुकवून बटण शोधणं मात्र चालत नाही. शिवाय आजच्या बारीक तारांवर इतक्या जोराने मारलं की सूर वर सरकतो. जाड तारा बसवलेल्या असतील तर संच जाणकाराच्या हातात आहे असं खुशाल समजावं.

बडीच्या गाण्यातली ती उचकी, एकाच स्वराचे तुकडे करत शब्द लांबवणं, हे प्रत्येक ओळीत आलं की नक्कल वाटते. मूळ गाणी ऐका: ‘ट्रू लव्ह वेज’मध्ये बडी जवळजवळ सरळ गातो. काळ्या जाड फ्रेमचा चष्मा घातला की बडी झाला, असं समजणारे नट बरेच दिसतात.

उत्तरार्धात गोष्ट पातळ होते. मारिया एलेनाशी लग्न, पेटीशी फाटणं, क्रिकेट्सपासून वेगळं होणं हे सगळं भराभर उरकलं जातं. पैशांवरून पेटीशी झालेला वाद हा खरं तर नाट्याचा ऐवज. तो चार संवादांत संपवलेला पाहून हळहळ वाटते. मारिया एलेनाच्या वाट्याला तर काळजी करण्यापलीकडे फारसं कामच नाही.

मग येते २ फेब्रुवारी १९५९ची, आयोवा राज्यातल्या क्लिअर लेकची, बडीची शेवटची मैफल, आणि नाटक चक्क बाजूला सारून संच वाजवायला लागतो. त्या दौऱ्यातले दुसरे गायक रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर आपापली गाणी म्हणून जातात, बासवाला आपल्या वाद्यावर चढतो, प्रेक्षक उभे राहतात. प्रत्यक्षात त्या दौऱ्यात बडीच्या पाठीशी वेलन जेनिंग्ज, टॉमी ऑलसप आणि कार्ल बंच होते. बंच तर बसमध्ये पाय गारठून त्या रात्री इस्पितळात होता. रंगमंचावरचा वाद्यमेळ त्यामानाने फार भरलेला आहे. इतिहास म्हणून चूक, मैफल म्हणून योग्य.

या मैफलीनंतर बडी, रिची आणि बिग बॉपर ज्यात गेले त्या विमान अपघाताची बातमी मैफल मधेच तोडून दिली जाते. रंगमंचावर प्रकाशात फक्त गिटार उरते. तेवढ्यावर उठून कोट घालू नका, वाजवणं अजून शिल्लक असतं.

तिकीट काढताना स्टॉल्सच्या, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या, मधल्या रांगा घ्या. पहिल्या दोन-तीन रांगांत स्पीकरचा मारा बसतो आणि गायकाचे शब्द ड्रमखाली दबतात. बाल्कनीच्या छपराखालच्या शेवटच्या रांगांत बास गढूळ ऐकू येतो. शेवटी पुढचे लोक उभे राहतात, तेव्हा ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बाल्कनीची पहिली रांग धरावी. लहान मुलं सोबत असतील तर उत्तरार्धासाठी कानाचं संरक्षण न्यावं.