जामखेडचं जयपूर फूट वर्कशॉप (आरोळेंचा दवाखाना): आमच्या अण्णांच्या पायाचा अनुभव

बरेच जण विचारतायत अण्णांचा पाय कुठं बसवला म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे, आमच्याकडं सगळे आरोळेंचा दवाखानाच म्हणतात, तिथं कृत्रिम पाय, म्हणजे जयपूर फूट, बनवायचं स्वतःचं वर्कशॉप आहे, तिथून बसवला. मला विचाराल तर पाचपैकी पाच.

अण्णा म्हणजे आमचे शेजारी. ऊसतोडीला गेले होते, ट्रॉलीखाली डावा पाय आला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, वर्ष सगळं कुबड्यांवर गेलं. शहरातल्या एका दुकानात चौकशी केली तर त्यांनी ऐंशी हजार सांगितले, वर म्हणाले हा पाय चिखलात पाण्यात वापरायचा नाही. रानात राबणाऱ्या माणसानं तो काय कपाटात ठेवायचा का? आमच्या चर्चमध्ये मी विषय काढला तेव्हा मंडळीनं रविवारी दान गोळा केलं, दोन महिन्यांचा किराणा भरून दिला, प्रार्थना केली, सगळ्यांनी मनापासून केलं. पण दोन महिन्यांनी किराणा संपला आणि अण्णा होते तिथंच, ओट्यावर. मग आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले चला, जामखेडला घेऊन जाऊ यांना.

नगरहून एसटीनं दोनेक तास लागतात, रेल्वे नाही. वाटेत पाळकसाहेबांनी मला आरोळे डॉक्टरांचं सगळं सांगितलं, मी नगर जिल्ह्यातलाच ख्रिस्ती असून मला निम्मं माहीत नव्हतं याची लाज वाटली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, लग्नाच्या दिवशीच दोघांनी देवापुढं ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं. आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते, तिथं त्यांच्या लक्षात आलं की पेशंट बरा होऊन घरी जातो आणि तोच आजार घेऊन परत येतो, कारण पाणी तेच, उपासमार तीच. मग अमेरिकेत पुढचं शिकले आणि तिथं न राहता 1970 मध्ये जामखेडला आले, सगळ्यात दुष्काळी भागात. तेव्हा तिकडं जन्मलेल्या हजार बाळांमधली 176 बाळं एक वर्षाची व्हायच्या आत जात होती. नव्वदच्या दशकापर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला, आणि तो मोठ्या मशिनींनी नाही आणला. गावातल्याच बायका, पुष्कळशा दलित, पुष्कळ जणींना लिहिता वाचता येत नव्हतं, त्यांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. बाळंतपण, जुलाबाला मीठसाखरेचं पाणी, बाळाचं वजन, सगळं त्या बघायच्या. त्यातल्याच मुक्ताबाई पोळ 1988 ला वॉशिंग्टनला एका परिषदेत बोलल्या, वरची झुंबरं दाखवून म्हणाल्या डॉक्टर असे असतात, सुंदर पण महाग, आणि मग पिशवीतून साधा दिवा काढून पेटवला आणि त्यावरून दुसरा पेटवून दाखवला. एसटीत हे ऐकताना माझ्या डोळ्यात पाणी आलं. आणि 72 च्या दुष्काळात बोअर घ्यायच्या तेव्हा आरोळेंनी त्या दलित वस्तीत घ्यायला लावल्या, म्हणजे बाकी गावाला पाण्याला तिकडंच यावं लागलं. मला तर हा प्रसंग एखाद्या प्रवचनापेक्षा मोठा वाटतो.

आता वर्कशॉपचं. बाहेरून एकदम साधं, पण काम बघण्यासारखं. आधी कापलेल्या पायाचं टोक नीट तपासलं, जखम पूर्ण भरली का, सूज आहे का, मग प्लास्टरनं माप घेतलं, त्या मापावरून वरचा साचा आणि त्याला खाली रबराचं पाऊल. जयपूर फूटचं वैशिष्ट्यच हे की पाऊल सगळ्या बाजूनी वाकतं, अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, चिखलात गेलं तरी धुवून टाकायचं. पाय बनवणारे कारागीर आपल्याच भागातले, बोलणं आपल्यासारखं, अण्णांना विचारलं 'काय काय काम करता, ते सांगा आधी', ऊस, शेरडं, बांधावर चढणं उतरणं, सगळं ऐकून घेतलं. दुकानात त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं.

पहिल्यांदा घातला तेव्हा टोचत होता, तो काढून घासून परत बसवला, असं तीन वेळा, कुणी कंटाळलं नाही. दोन्ही बाजूचे बार धरून चालायची प्रॅक्टिस करून घेतली आणि घरी पाठवायची घाई केली नाही. खर्चाबद्दल एवढंच लिहितो की अण्णांना सावकाराकडं जावं लागलं नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण हल्ली लोक लगेच शंका घेतात. अण्णा पक्के वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. मेजरमेंट घेताना माळ दिसत होती, कुणी काही विचारलं नाही, पत्रक दिलं नाही, चर्चला या म्हटलं नाही. उलट कारागीर म्हणाला एकादशीला टाळ धरून उभं राहायचं असेल तर आत्तापासून रोज थोडं थोडं चाला. आमच्या शेजारच्या बाकावर एक मुस्लिम चाचा आणि तांड्यावरची एक पोरगी होती, त्यांनाही तीच वागणूक. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात आहे ना, क्रिया नसेल तर विश्वास मेलेला, ते मी लहानपणापासून पाठ म्हणत आलोय पण बघितलं ते त्या दिवशी, प्लास्टरनं पांढऱ्या झालेल्या हातांनी तो माणूस अण्णांचा पाय मांडीवर घेऊन बसला होता तेव्हा.

जाणाऱ्यांसाठी: आधी फोन करून जा. जखम पूर्ण भरल्याशिवाय माप घेत नाहीत त्यामुळं घाई करू नका. जुने कागद, ऑपरेशनचे रिपोर्ट सोबत न्या, सुती मोजे दोन तीन जास्त घ्या, उन्हाळ्यात घामानं टोकाला पुरळ येतं, रोज धुवून कोरडं करायचं. सोबत एक माणूस असावा आणि मुक्कामाची तयारी ठेवा, एका दिवसात होईल असं धरून जाऊ नका.

पुढच्या महिन्यात अण्णांना पट्टा बदलायला परत न्यायचंय. आमच्या मंडळीतली चार तरुण पोरं सोबत येतो म्हणालीत, आणि यावेळी दानाची पेटी आम्ही किराण्यासाठी नाही, दुसऱ्या कुणाच्यातरी पायासाठी फिरवलीय. आष्टी, पाटोदा, कर्जत भागात कुणी पाय गेलेला माणूस घरात बसून असेल तर कळवा, एसटीचं तिकीट आम्ही काढू.