बॉक्सिंगपट निवडायचाय? आधी बॉक्सरचं घर बघा

नुसते ठोसे बघायचे तर खऱ्या लढती आहेतच की, सिनेमा कशाला? बॉक्सिंगपटात मला तरी घरातली भांडणं हवी असतात. म्हणून 'द फायटर' बघू की 'रेजिंग बुल', असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: घरच्यांच्या तावडीतून न सुटणारा माणूस बघायचाय, की ज्याच्या तावडीतून घरचे सुटत नाहीत असा?

दोन्ही सिनेमे खऱ्या बॉक्सरांवर बेतलेले आहेत आणि दोन्हींत एक भाऊ आहे. साम्य तिथेच संपतं.

'रेजिंग बुल' (१९८०) मधल्या जेक लामोटाला संशयाने पोखरलंय. बायको सहज बोलून जाते, की अमुक बॉक्सर दिसायला देखणा आहे. बस्स. पुढच्या लढतीत जेक त्या पोराचा चेहराच बिघडवून टाकतो. घरी टीव्ही दुरुस्त करता करता सख्ख्या भावाला विचारतो, माझ्या बायकोशी तुझं काही आहे का? तो प्रसंग कुठल्याही लढतीपेक्षा जास्त अंगावर येतो, कारण इथे फेरी संपल्याची घंटा वाजत नाही. पुढे पैशांची निकड लागते तेव्हा हा गडी जगज्जेतेपदाच्या पट्ट्यावर हातोडा चालवतो, खडे काढून विकायला निघतो, आणि दुकानात कळतं की अख्ख्या पट्ट्यालाच खरी किंमत होती. सिनेमा कृष्णधवल आहे. जेकची कीव करायला दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी फारशी जागा ठेवत नाही. जेक झालेल्या रॉबर्ट डी नीरोला यासाठी ऑस्कर मिळालं, ते योग्यच. पण मन आधीच जड असेल त्या दिवशी हा लावू नका. घरातली मारहाण बघवत नसेल तर अजिबातच नको.

'द फायटर' (२०१०) त्या मानाने उबदार आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड प्रश्न विचारतो. मिकी वॉर्डची आईच त्याची मॅनेजर, थोरला भाऊ डिकी ट्रेनर, वर सात बहिणींचा गोतावळा. डिकी एके काळचा चांगला बॉक्सर, आता क्रॅक या अमली पदार्थाच्या व्यसनात बुडालेला. आई शोधत आली की मागच्या खिडकीतून उडी टाकून पळणारा. हसू येतं, आणि मग आपण कशाला हसलो असं वाटतं. एकदा ठरलेला प्रतिस्पर्धी ऐनवेळी गळतो आणि बदली म्हणून खूप जास्त वजनाचा गडी उभा राहतो. लढलं नाही तर कुणालाच पैसे मिळणार नाहीत, म्हणून घरचेच मिकीला रिंगमध्ये ढकलतात. यातली आई खलनायिका असती तर गोष्ट सोपी झाली असती. तिची माया खरी आहे, घोळ तिथेच आहे. क्रिश्चियन बेल (डिकी) आणि मेलिसा लिओ (आई) या दोघांनाही सहायक भूमिकांची ऑस्कर मिळाली. दोन तासांच्या आत संपतो, शिवाय बॉक्सिंगचं काहीच कळत नसलं तरी अडत नाही. दोघांतला एकच बघणार असाल तर हा.

'मिलियन डॉलर बेबी' (२००४) मात्र वेगळ्या वाटेने जातो. मुलीला लिहिलेली पत्रं ज्याच्याकडे न उघडताच परत येतात असा म्हातारा कोच आणि वय उलटून गेल्यावर शिकायला आलेली वेट्रेस. गोष्ट आधी वाचू नका, एवढंच सांगते.

सबटायटल्सची झंझट नको असेल तर 'मुक्काबाज' हिंदीत आहे. त्यात घराबरोबर जातही आडवी येते आणि सरकारी नोकरीतला वरिष्ठही. थोडा पसरट आहे, पण वडिलांशी होणारी खडाजंगी चुकवू नये अशी. तमिळ 'सारपट्टा परंबरै' (२०२१) जवळपास तीन तासांचा. सत्तरच्या दशकातलं उत्तर मद्रास, आणीबाणी, आणि बॉक्सिंगच्या नादात नवरा गमावलेली आई मुलाला ग्लोव्हज घालू देत नाही. नंतर तो दारूत वाया जातो तो भाग लांबतो खरा. पण त्याची बायको मरियम्मा हे या सगळ्या सिनेमांतलं माझं सर्वात आवडतं पात्र. नवऱ्याची मुरवत न ठेवता ती त्याला जे सुनावते, तसं जेकला कुणी सुनावलं असतं तर!

'रॉकी' (१९७६) बहुतेकांनी पाहिलेला असतो म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला. पाहिला नसेल तर सगळ्यात आधी तोच लावा, आणि शेवटी लढतीचा निकाल जाहीर होत असताना तो कुणाला हाका मारतोय, तिकडे लक्ष ठेवा.